बोनेटखालचे तर्कशास्त्र

(द्वितीय वर्ष, कला)

मोटारगाडी दुरुस्त करणे हे हाताचे काम आणि तर्कशास्त्र हे डोक्याचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पहिले काम गॅरेजमध्ये ऑइलने माखलेल्या कपड्यांनी करायचे आणि दुसरे वर्गात बाकावर बसून, असाही त्या समजुतीचा एक भाग आहे. प्रस्तुत लेखात या दोन कामांची सांगड घालण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. विषय साधा आहे. दुसऱ्याने वापरून विकलेली जुनी पिकअप गाडी बिघडली, तर बिघाड नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे? हा विषय वार्षिकाला शोभणारा नाही असे काही मित्रांना वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरचा चरितार्थ अशाच एखाद्या गाडीवर चालतो, हे विसरून चालणार नाही.

आमचा जुन्नर तालुका टोमॅटो, कांदा आणि भाजीपाला पिकवणारा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणि ओतूर-आळेफाट्याला कांद्याच्या गोण्या उतरवणाऱ्या पिकअप गाड्यांची रांग ज्याने पाहिली असेल, त्याला या गाड्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २००५ साली टाटा एस ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. लहान शेतकऱ्याच्या मुलालाही मालवाहू गाडीचा मालक होता येते, हे अशा गाड्यांमुळे गावोगावी दिसू लागले. ज्याला नवी परवडत नाही तो जुनी घेतो. जुनी गाडी स्वस्त मिळते हे खरे. पण तिच्याबरोबर आधीच्या मालकाने केलेली हयगय, वर्षानुवर्षांचे ओव्हरलोड आणि जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेल्या ताराही पदरात पडतात. कर्जाचा हप्ता मात्र गाडी चालो वा न चालो, ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो.

अशा घरात गाडी बंद पडली की घाई होते, आणि घाईत अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. अंदाज चुकला तर दुहेरी नुकसान होते. चांगला भाग काढून नव्याचे पैसे मोजले जातात आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की भाग बदलण्यापूर्वी कारण सिद्ध करावे. ते कसे करावे, याची रीत आपल्याला तर्कशास्त्राच्या तासाला शिकवलेलीच आहे.

लक्षण आणि कारण

‘गाडी सुरू होत नाही’ हा बिघाड नव्हे, ते लक्षण आहे. वैद्य तापाला रोग म्हणत नाही, तो तापाचे कारण शोधतो, तसेच हे आहे. एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात, आणि नेमकी येथेच फसगत होते.

न्यायशास्त्रात अनुमानाचे एक ठरलेले उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण ओळखतो. कारण जेथे धूर तेथे अग्नी, हे आपण चुलीपाशी नेहमी पाहिलेले असते. या अटळ साहचर्याला व्याप्ती म्हणतात. पण हेच वाक्य उलटे करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हटले, तर ते टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सांगितले आहे, की अग्नीपासून धूर निघायचा तर ओल्या सरपणाचा संयोग ही आणखी एक गोष्ट लागते. तिला उपाधी हे नाव आहे. आणि जो हेतू साध्य असतानाही आढळतो व नसतानाही आढळतो, तो सव्यभिचार, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला हेत्वाभास होय.

आता गॅरेजमधले एक नेहमीचे वाक्य पाहा : ‘सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरी गेली.’ (इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीला आपल्याकडे सर्रास सेल्फ म्हणतात.) बॅटरी गेली असता सेल्फ फिरत नाही हे खरे. पण बॅटरी उत्तम असताना टर्मिनल सैल असले, अर्थिंगची पट्टी गंजली, सोलेनॉइड चिकटला किंवा चावीच्या स्विचमध्ये दोष आला, तरी सेल्फ फिरत नाही. म्हणजे हा हेतू सव्यभिचार झाला. बॅटरी बदलण्याइतका पुरावा त्यात नाही.

गाडी सुरू होत नाही तेव्हा

पहिला प्रश्न असा विचारावा : सेल्फ फिरतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर शोध विजेच्या बाजूला करावा. ‘फिरतो, पण इंजिन धरत नाही’ असे असेल तर बहुधा डिझेल, हवा, उष्णता आणि दाब यांच्याकडे वळावे. या एका प्रश्नाने अर्धी गाडी संशयाच्या बाहेर पडते.

सेल्फ फिरत नसेल तर एक बिनखर्चाची परीक्षा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. पुढचे दिवे लावून एकाला समोर उभे करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा सांधा खराब आहे. दिवे होते तसेच प्रखर राहिले आणि नुसता ‘टक्’ आवाज आला किंवा तोही आला नाही, तर सेल्फपर्यंत वीज पोचतच नाही. मग चावीचा स्विच, त्याची तार, सोलेनॉइड हे क्रमाने पाहावे. दिवे बरेच मंद झाले, टर्मिनल घट्ट आहेत, बॅटरीही भरलेली आहे, तरी सेल्फ हलत नाही, तर सेल्फ आतून अडकला आहे किंवा इंजिनच जाम आहे. एकाच कृतीची तीन उत्तरे आणि प्रत्येक उत्तराची वाट वेगळी. चांगली परीक्षा अशीच असते.

आता सेल्फ जोमाने फिरतो आहे, पण इंजिन धरत नाही असे समजू. येथे डिझेल इंजिनाचे तत्त्व माहीत हवे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १८९३ साली मिळाले आणि १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून पाहायचे ते एवढेच : डिझेल पोचते का, आणि हवा पुरेशी तापते का?

याचे उत्तर सायलेन्सरच्या तोंडाशी मिळते. सेल्फ मारताना तेथून पांढुरका, डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचले आहे पण पेटलेले नाही. मग थंडीत मदत करणारे हीटर प्लग, त्यांचा रिले, सेल्फची गती आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासावे. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल पोचतच नाही. मग टाकीपासून पुढे जावे. टाकीत डिझेल आहे का? फिल्टर चोंदला आहे का? नळीत हवा शिरली आहे का? टाकी कोरडी पडल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर हवा हमखास शिरते. तेव्हा फिल्टरजवळचा हातपंप दाबून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते. जुन्या पंपाच्या इंजिनात चावी लावताच पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड ‘टिक्’ करतो का, हेही कान देऊन ऐकावे. तेवढी एक तार निसटली तरी डिझेल पुढे जात नाही.

धुराची भाषा

वर उपाधीचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. चालू इंजिनात अग्नी सतत असतो, तरी गरम झालेल्या निरोगी इंजिनातून डोळ्यांना दिसेल असा धूर जवळजवळ येत नाही. मग धूर दिसला की विचारावे : येथे ‘ओले सरपण’ कोणते? त्याचे उत्तर धुराच्या रंगात असते.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त येते. हवा कमी पडण्याचे सर्वांत स्वस्त कारण म्हणजे मातीने चोंदलेला एअर फिल्टर. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी फाटली, तरीही जोर कमी होऊन काळा धूर येतो. हे दोन्ही पाहून झाल्यावर मगच नोझल आणि पंपाकडे वळावे. कारण त्यांचे काम खर्चाचे आहे.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तो केव्हा येतो हे येथे महत्त्वाचे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच एक निळा लोट आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपत असावे. चढावर, ओझ्याखाली सतत येत असेल, तर रिंगा आणि लाइनर झिजल्याचा संशय बळावतो. टर्बोचे सील गेले तरीही निळा धूर येतो, म्हणून टर्बोच्या नळीत ऑइल साचले आहे का हे पाहून घ्यावे. येथे आणखी एक पुरावा मिळतो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सावकाश काढावे. तेथून जोराने वाफारा येऊन झाकण उडू लागले, तर मेकॅनिक म्हणतात त्याप्रमाणे इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांजवळून खाली निसटतो आहे. निळा धूर आणि बॅक कॉम्प्रेशन हे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की इंजिन बांधावे लागणार हे अनुमान भक्कम होते.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ आला तर घाबरण्याचे कारण नाही. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला, त्याला डिझेलचा उग्र वास नसला आणि रेडिएटरमधले पाणी कोठेही गळती न दिसता कमी होत गेले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे असे समजावे. हेड गॅस्केट जळण्याचे हे लक्षण. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी ऑइलमध्येही मिसळले आहे. अशी गाडी मग एक मैलही चालवू नये.

आवाज, क्लच आणि घाट

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच रीती सांगितल्या. त्यांपैकी सहपरिवर्तन, व्यतिरेक आणि अवशेष या तीन रीती गॅरेजमध्ये रोज वापरल्या जातात, फक्त त्यांची नावे कोणी घेत नाही.

सहपरिवर्तन म्हणजे एक बदलले की दुसरेही बदलते, यावरून त्यांचा संबंध ओळखणे. गाडी चालताना घुं-घुं आवाज येतो. तो कोठला? सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगात असताना क्षणभर क्लच दाबून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. इंजिनाचे फेरे उतरतील, गाडीचा वेग मात्र जवळजवळ तोच राहील. आवाज इंजिनाबरोबर उतरला तर तो इंजिनाचा किंवा त्याच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांचा. तसाच राहिला तर चाकांची बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट किंवा मागचे हौसिंग यांचा. मग हलकेच डावीकडे वळावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो; आवाज तेव्हा वाढला तर उजवीकडचे बेअरिंग संशयित ठरते. गाडी हलताना ‘खट्’ असा आवाज आणि ठरावीक वेगाला थरथर असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. ही परीक्षा उतारावर मात्र कधीही करू नये.

व्यतिरेक म्हणजे बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलणे. इंजिन चालू असताना गिअर खरखरतात, नीट पडत नाहीत. गिअरबॉक्स उघडावा काय? आधी इंजिन बंद करून तेच गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडत असतील, तर क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही असे बहुधा ठरते. मग क्लचची केबल किंवा त्याचे तेल आणि सिलिंडर पाहावेत. गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च पाच मिनिटांच्या परीक्षेने वाचू शकतो. उलट क्लच प्लेट घसरते आहे का हे पाहायचे असेल, तर सपाट जागी हँडब्रेक ओढून, समोर कोणी नाही हे बघून, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन आपले चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण तीत क्लच तापतो.

इंजिन तापण्याचेही तसेच. माळशेज घाटातून माल भरून कल्याणकडून परतताना, म्हणजे चढावर, गाडी तापते, पण बाजारात उभी असताना तापत नाही, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदला असण्याचा संभव अधिक. उलट रांगेत उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागताच उतरतो, तर पंखा नीट फिरत नसावा; कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंखाच तो देतो. काटा पाहण्याबरोबर तो केव्हा चढतो हे जो चालक सांगू शकतो, त्याने मेकॅनिकचे निम्मे काम केलेले असते. आणि एक सूचना : गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून चेहरा भाजतो.

विजेचे बिघाड

यांत्रिक बिघाड दिसतो किंवा ऐकू येतो. विजेचा बिघाड मोजावा लागतो. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असता तो १३.८ ते १४.४ च्या आसपास असावा. तसा नसेल तर अल्टरनेटर, ज्याला आपण अजून डायनॅमो म्हणतो, तो किंवा त्याचा पट्टा तपासावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढून डायनॅमो ‘चेक’ करण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी. अल्टरनेटरच्या गाडीत त्यामुळे व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेला नियम आपण शाळेत पाठ केला आहे. त्याचा उपयोग येथे पाहा. सेल्फला काही वेळा २०० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. टर्मिनलवर साचलेल्या हिरव्या-पांढऱ्या क्षारामुळे नुसता ०.०१ ओहम रोध निर्माण झाला, तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तेथेच खाल्ले जातात. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, तरी सेल्फ आळसावतो. म्हणून मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक आला, तर अर्थिंगची पट्टी काढून, सँडपेपरने घासून पुन्हा आवळावी. मागचा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, हा ‘भुताटकी’चा प्रकारही बहुधा अर्थिंगचाच असतो. परतीची वाट बंद झाल्याने वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी तार गुंडाळू नये. फ्यूज उडणे हे तक्रारीचे उत्तर नसून तक्रार आहे. तारेने ती दाबली तर वायरिंग पेटते.

अवशेष रीतीचे उदाहरण आमच्या घरचेच आहे. आमच्या जुन्या पिकअपची बॅटरी अधूनमधून उतरत असे. एका गॅरेजमध्ये बॅटरी मेली असे सांगितले आणि साडेसहा हजारांची नवी बॅटरी बसली. पुढे पावसामुळे टोमॅटोचा तोडा तीन दिवस लांबला. चौथ्या दिवशी पहाटे भरलेले क्रेट अंगणात आणि गाडी पुन्हा मुकी! आता डायनॅमो बदला, असा सल्ला मिळाला. आबांनी मात्र फाट्यावरच्या वयस्कर इलेक्ट्रिशियनला, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, बोलावले. चाचांनी आधी हत्यार न काढता आबांना विचारले, “रोज चालवता तेव्हा त्रास देते का?” आबा म्हणाले, “रोजच्या धावण्याला काही नाही चाचा, दोन-तीन दिवस उभी राहिली की रुसते.” त्यावर चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरा, मीटर तू वाच. आधी माप घ्यायचं, मग बोलायचं.”

मापे अशी निघाली. बॅटरी बदलूनही लक्षण राहिले, म्हणजे बॅटरी हे कारण नव्हे. दुसऱ्या गाडीची वीज घेऊन इंजिन सुरू केले, मीटरने १४.१ व्होल्ट दाखवले, म्हणजे डायनॅमोची भरणी ठीक. मग इंजिन व चावी बंद, दारे बंद, आणि मीटर ऋण तारेच्या मध्ये जोडून प्रवाह मोजला. साधारणपणे तो ०.०५ अँपिअरच्या आत असावा. तो निघाला ०.६. आता हिशेब करा. ०.६ गुणिले २४ म्हणजे दिवसाला सुमारे १४ अँपिअर-तास; तीन दिवसांत ४३. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग उरते काय? रोज गाडी धावली की ही तूट भरून निघत असे, म्हणून रोजच्या वापरात काही कळत नव्हते.

पुढे चाचांनी एकेक फ्यूज काढायला लावला. शेवटचा फ्यूज निघाला तरी आकडा हलला नाही. म्हणजे फ्यूजच्या पेटीतून जाणारे सारे निर्दोष ठरले. उरल्या त्या पेटीत न जाता थेट बॅटरीला जोडलेल्या तारा. सेल्फची आणि डायनॅमोची जाड तार एकेक करून सोडून पाहिली, फरक नाही. उरली एक बारीक लाल तार. ती सोडताच आकडा ०.०३ वर आला. तारेमागे गेलो तेव्हा सीटखाली एक गरम लागणारा ॲम्प्लिफायर सापडला. आधीच्या मालकाने टेप काढून नेला होता, ॲम्प्लिफायर तसाच रात्रंदिवस वीज खात होता. डायनॅमो बदलण्याचा खर्च टळला तो नुसत्या वजाबाकीने.

स्कॅनर आला तरी

नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांत संगणक असतो; स्कॅनर जोडला की तो बिघाडाचा कोड दाखवतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर गाडीतले सेन्सर आणखी वाढले. काहींना वाटते, आता विचार करण्याचे काम उरले नाही. परंतु कोड हे पुन्हा लक्षणच आहे. ‘डिझेलचा दाब कमी’ असा कोड आला तर फिल्टर चोंदला, हवा शिरली, पंप थकला, नोझल मागे गळते आहे की दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलतो, हे यंत्र आपोआप सांगत नाही. कोड वाचून थेट सेन्सर बदलणे हा जुनाच हेत्वाभास नव्या कपड्यांत आला, एवढेच. स्वस्त आणि सोपे कारण आधी, महाग आणि अवघड नंतर, हा क्रम येथेही सोडू नये.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

वरील सारे ज्ञान गाडी विकत घेण्याआधीच वापरले तर अधिक बरे. गाडी पाहायला सकाळी जावे आणि प्रथम बोनेटवर हात ठेवावा. बोनेट गरम लागले तर इंजिन आधीच सुरू करून ठेवले आहे. थंडीतला धूर आणि सुरू होण्याची कुरकूर मग आपल्याला दिसणार नाही. तेव्हा थांबावे किंवा पुन्हा यावे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे घेते, धूर कोणता येतो, ऑइलचे झाकण काढल्यावर काय होते, हे पाहावे. नवे ऑइल दिसले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण ऑइल विकण्याच्या आदल्या दिवशीही बदलता येते. खाली वाकून चॅसीवरचे वेल्डिंग आणि सपाट बसलेले पाटे पाहावेत. गाडीने आयुष्यभर किती ओझे वाहिले ते तेथे लिहिलेले असते. टायर आतल्या कडेला अधिक झिजले असतील तर चाकांचे अलाइनमेंट आणि पुढचे सांधे तपासावेत. दिवे, वायपर, पंखा सारे एकदम लावून मीटर पाहावा. आणि शक्य तर थोडे ओझे टाकून एक चढ चढून बघावा. रिकामी गाडी सपाटीवर सगळ्यांचीच चांगली चालते.

शेवटी एक विनंती. गाडीबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, म्हणून ती वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. पुस्तिकेत फ्यूजचा नकाशा होता, आकडे होते. पण कान आणि हात कसे वापरायचे ते चाचांसारख्या माणसांपाशी होते, आणि ते कोठेच लिहिलेले नव्हते. पुस्तकातले त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्यातले पुस्तकापर्यंत कोणी न्यायचे? ज्यांच्या घरी अशी गाडी, पंप, ट्रॅक्टर किंवा शिलाईयंत्र आहे, अशा आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनीच ते करावे असे मला वाटते. सुरुवात अगदी लहान असू शकते. गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, लक्षण काय होते, ते केव्हा दिसले, माप किती आले आणि काय बदलले, एवढे मराठीत लिहावे. आमच्या पिकअपच्या कप्प्यात अशी एक वही आहे. आबा सांगतात आणि मी लिहितो. मागच्या महिन्यात घाटात काटा चढू लागला तेव्हा आबांनी गाडी गॅरेजला नेली, आणि कोणी काही बोलण्याआधी ती वही मेकॅनिकच्या हातात दिली.